पटावरचं विसावं नाव

जळले मी. उगाच कशाला लपवू? छपन्न वर्षांची बाई, घरात सून आली, नातू झाला, आणि तरी बत्तीस वर्षांच्या एका पोरीवर मी जळले. तेही कशावरून, तर तिच्या वर्गाबाहेर चपला किती पडल्यात यावरून.

आमची बालवाडी बिबवेवाडीतली, कॉर्पोरेशनची. दोन खोल्या, मध्ये पॅसेज, पॅसेजमध्ये पाण्याचं पिंप आणि पिंपाशेजारी शालूबाई. शालूबाई म्हणजे आमची सेविका. नाकं पुसण्यापासून खिचडी वाढण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. डावीकडची खोली माझी, सत्तावीस वर्षं. उजवीकडची नम्रताची, तीन वर्षं. मुलं चपला पॅसेजमध्येच काढतात. माझ्या दाराशी मोजून एकोणीस जोड, आणि तिच्या दाराशी अडतीस. ते सरकत सरकत माझ्या उंबऱ्यापर्यंत यायचे आणि मी रोज सकाळी पायाने ते परत तिच्याकडे ढकलायचे. शालूबाई बघायची आणि काही बोलायची नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

एप्रिलमध्ये वरून कागद आला होता. दहा जुलैला पर्यवेक्षिका येऊन डोकी मोजणार. ज्या वर्गात वीसपेक्षा कमी मुलं भरतील तो वर्ग बंद, मुलं शेजारच्या खोलीत, आणि बाईंची बदली. आमच्या पर्यवेक्षिका प्रियदर्शनी मॅडम. त्यांनी माझ्या कानावर आधीच घातलं होतं, "सुनीतीबाई, तुमच्यासाठी धायरीची जागा बघून ठेवलीय हं." जशी काही मी स्थळ बघायला सांगितलं होतं. धायरी काही वाईट नाही, दोन बस बदलल्या की आली. पण माझा प्रश्न बसचा नव्हताच. माझी खोली बंद होणार, माझी मुलं पॅसेज ओलांडून नम्रताकडे बसणार, आणि ती त्यांना मोठ्या मनाने जवळ घेणार, हे मला बघवणार नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तेवढी मला माझ्या खोलीत हवी होती.

आता एकोणीसच का, तेही सांगते. मे महिन्यात आम्ही घरोघर फिरून तीन ते सहा वयाची मुलं शोधतो. गल्ल्या वाटून घ्यायच्या असतात आणि सीनियर म्हणून पहिली निवड माझी. मी दरवर्षी त्याच घेते, बागेमागच्या सोसायट्या, बँकेची कॉलनी, ओळीतले बैठे बंगले. तिथली माणसं मला ओळखतात. दोन हजार सालचा माझा माहितीचा तक्ता अजून कपाटात आहे. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात बघा. एलआयसी, पोस्ट, शिक्षक, किराणा दुकान, एसटीत कंडक्टर, परत शिक्षक. आणि मातृभाषेच्या रकान्यात तर मी वर एकदा 'मराठी' लिहायचे आणि खालपर्यंत सरळ रेघ ओढायचे. बेचाळीस मुलं होती तेव्हा माझ्याकडे. लोक ओळख काढून नाव घालायला यायचे.

त्या बेचाळीसांना आता मुलं झालीत, आणि ती पिवळ्या बसने इंटरनॅशनलला जातात. यंदा एका तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते माझ्याच जुन्या विद्यार्थिनीने. "अय्या, बाई तुम्ही!" म्हणून वाकून नमस्कार केला, पंख्याखाली बसवलं, पन्हं दिलं. मला बरं वाटलं. मी फॉर्म काढला तशी म्हणाली, "बाई, बरं झालं आलात. आमच्याकडे कामाला मावशी येतात ना, त्यांची नात आहे तीन वर्षांची. त्यांना कुणी सांगायलाच नव्हतं. तिचं करून टाका ना."

"आणि तुझ्या मुलाचं?"

"त्याचं जानेवारीतच झालं हो," ती म्हणाली आणि हसली. कौतुकानेच हसली, पण माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. मी पन्हं अर्धं टाकून उठले. त्या मावशींचा नंबर ती देत होती, तोही घेतला नाही. चार गल्ल्या, साठ-सत्तर घरं, हातात आठ नावं. जुनी अकरा धरून एकोणीस.

नम्रता मूळची वाशिमकडची. नवरा इथे कंपनीत लागला म्हणून आली. तिच्या वाट्याला उरलेल्या गल्ल्या, म्हणजे मी टाकलेल्या. ती सकाळी साडेसातला मजूर अड्ड्यावर जाऊन उभी राहायची. संध्याकाळी बांधकामाच्या साइटवर, पत्र्याच्या खोल्यांपुढे, बायका चुली पेटवायला बसल्या की त्यांच्या शेजारी उकिडवी बसून फॉर्म भरायची. वॉचमनच्या केबिनसुद्धा सोडल्या नाहीत. तिच्या तक्त्यातला मूळ जिल्ह्याचा रकाना वाचला तर निम्मा महाराष्ट्र फिरून व्हायचा. वाशिम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड, आणि पुढे थेट नेपाळ. मातृभाषेत मराठी, वऱ्हाडी, गोरमाटी, हिंदी, नेपाळी, तेलुगू.

"अगं, वऱ्हाडी काय वेगळी भाषा आहे? मराठीच लिहायचं," मी तिला म्हटलं.

"ताई, लेकरू जे बोलते ते लिहिलं," ती म्हणाली.

उद्धटपणे म्हणाली असती तर मी बघून घेतलं असतं. पण ती हसून म्हणाली, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मावशींची नातही तिच्याच पटावर लागली होती. सोनू नाव तिचं. आजी धुणीभांडी करते, बाप जेसीबी चालवतो. हे मला जूनमध्ये कळलं. म्हणजे मी टाकलेली गल्लीच नव्हे, मी टाकलेलं मूलही हिने उचललं.

बरं, बाई मनाने वाईट असती तरी सोय होती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस डबा खाताना मला म्हणाली, "ताई, माझ्यातली चार-पाच घ्या की तुमच्याकडे. मला अडतीस आवरत नाहीत. तुमचं वीसच्या वर जाईल, माझंही भागेल."

किती सरळ होतं! हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तिने दिलेली पोरं घेऊन मी माझी खोली वाचवायची? आणि उद्या शालूबाई पिंपापाशी उभी राहून सगळ्या बिबवेवाडीला सांगणार, सुनीतीबाईंना नम्रताबाईंनी तारलं.

"मला उसनवारीची सवय नाही," मी म्हटलं आणि डब्याचं झाकण लावलं. पोळी खायची राहिली होती.

घरी मात्र दुसरंच शिजत होतं. माझा नातू गंधार साडेतीन वर्षांचा. मुलगा सलिल आणि सून सुरुची दोघंही आयटीतले, तेव्हा गंधार एप्रिलपासून एका भारी नर्सरीत जात होता. दाराशी कारंजं असलेली नर्सरी. तिथे तो एक अक्षर बोलला नाही. रडायचा, मग गप्प बसायचा. त्यांनी सुरुचीला दोनदा बोलावून घेतलं आणि मूल तपासून घ्या म्हणून सुचवलं. तपासायचंय काय? घरी त्याची टकळी थांबायची नाही, आणि त्यातही माझ्याशी. संध्याकाळी मी भाजी निवडायला बसले की चिकटून बसायचा. "आजी, जेसीबीला झोप येते का? आजी, जेसीबी जेवतो काय? आजी, तू जेसीबीत बसलीस तर तुझी साडी अडकेल का गं?" आमचे हे, श्रीधर, पेपरच्या आडून एकदा मोजत होते, अर्ध्या तासात किती वेळा 'आजी'. साठाच्या पुढे कंटाळले.

एके रात्री जेवताना सुरुची म्हणाली, "आई, त्याला तुमच्याच शाळेत घालूया का? निदान मराठीत बोलेल कुणाशी तरी. आणि तुम्ही असाल तिथे."

मी वरणाचा डाव खाली ठेवला. खरं सांगू? पहिल्यांदा मनात गंधार आलाच नाही. मनात आकडा आला.

"विसावा मिळाला म्हणायचा," श्रीधर म्हणाले. "तोही घरपोच."

"तुम्ही जेवा," मी म्हटलं.

पंचवीस जूनला मी त्याला हाताला धरून शाळेत नेलं. पॅसेजमधून जाताना मुद्दाम सावकाश चालले. नम्रता दारात उभी होती. "तुमचा नातू होय? गोड आहे हो," ती म्हणाली. मी नुसती मान हलवली. तिच्या अडतिसात एक तरी घर असं होतं का, जिथे आईबाप दोघंही लॅपटॉप घेऊन कामाला जातात? माझ्या तक्त्यात व्यवसायाच्या रकान्यात किती वर्षांनी सॉफ्टवेअर इंजिनिअर लिहायला मिळणार होतं! ते मी सगळ्यांत आधी, ठळक अक्षरात लिहिलं.

पण आमच्या शाळेत एक रीत आहे, आणि ती मीच पाडलेली, तेव्हा दोष द्यायला दुसरं कुणी नाही. नव्या मुलाचं नाव पटावर पहिले पंधरा दिवस पेन्सिलने लिहायचं. मूल एका खोलीत रडायचं थांबत नसेल तर तिसऱ्या दिवशी शालूबाई त्याला उचलून समोरच्या खोलीत नेऊन बसवते. जिथे रडणं थांबेल तो त्याचा वर्ग, आणि पंधराव्या दिवशी तिथे शाईने नाव. मी ही रीत पाडली तेव्हा समोरच्या खोलीत दुसऱ्या बाई होत्या. त्यांची निम्मी मुलं महिन्याभरात माझ्याकडे आली होती. तेव्हा मला ही रीत फार न्यायाची वाटायची.

गंधार पहिल्या दिवशी दोन तास रडला. माझ्या निऱ्या धरून "आजी, घरी" एवढंच. मी त्याचे हात सोडवले. बाकीची अठरा-एकोणीस मुलं ओळीत बसलेली, त्यांच्यासमोर मी नातवाला कडेवर घेऊन फिरू की काय? "इथे सगळ्यांसारखं बाई म्हणायचं. शू आली तर एक हात पाठीमागे, करंगळी वर, आणि मी 'जा' म्हटल्यावरच जायचं," मी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं ते असं, की ही कोण? दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी साडेदहाला शालूबाई दारात आली.

"राहू दे गं," मी म्हटलं. "होईल शांत."

"रीत तुमचीच हाय, बाई," शालूबाई म्हणाली. ती धायरीच्या गावठाणातली, बोलायला लागली की भीडभाड नाही. तिने त्याला उचललं आणि पॅसेजपलीकडे नेलं.

मी फळ्यावर फुलपाखरू काढायला घेतलं. कान तिकडे. पाच मिनिटं रडं, मग हुंदके, मग काहीच नाही. मग हसू आलं. मला वाटलं, दुसरं कुणी मूल असेल. खडू आणायच्या निमित्ताने मी पॅसेजमध्ये गेले आणि तिच्या दारातून आत डोकावले.

नम्रता मुलांना ओळीत बसवतच नाही. खोलीच्या मधोमध त्यांनी साइट मांडली होती, साइट म्हणजे बांधकामाची. लाकडी ठोकळ्यांच्या विटा, ताटलीचं घमेलं. दोन पोरी डोक्यावर चुंबळ ठेवून माल वाहताहेत, एकजण मुकादम होऊन ओरडतोय. आणि सोनूच्या शेजारी, गुडघ्यांवर, दोन्ही हात पुढे ताणून आमचा गंधार. तो जेसीबी झाला होता. सोनू त्याला शिकवत होती, दात कसे खाली घालायचे, कसे वर उचलायचे. तिचा बाप खऱ्याखुऱ्या जेसीबीवर बसतो म्हटल्यावर गंधारसाठी ती राणीच की! "मले दे! मले दे!" गंधार ओरडत होता. माझा नातू, शाळेत, मोठ्याने.

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठे कोपऱ्यात. पण वर आला तो संताप. दोन दिवस माझ्या निऱ्यांशी जीव काढणारं पोर, आणि हिच्याकडे दहा मिनिटांत मोकळं? मी काय केलं नव्हतं? सत्तावीस वर्षांत असं एकही मूल माझ्या खोलीतून गेलं नव्हतं. आणि गेलं ते माझंच.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "मले पोळी दे." सलिल हसत सुटला. सुरुचीच्या डोळ्यांत पाणी. "आई, म्हणजे तो शाळेत बोलतो! कुणाशी बोलतो? कुणाकडून शिकला?"

"सोनूकडून," गंधार म्हणाला. "आणि नम्रताबाई. नम्रताबाई हत्तीसारखी हसते. नम्रताबाईंनी मला मांडीवर घेतलं. नम्रताबाई म्हणाली..."

"खा आधी," मी म्हटलं.

"आपण नम्रताबाईंना एकदा घरी बोलवूया ना," सुरुची म्हणाली. "त्यांच्यामुळेच हे झालं."

'त्यांच्यामुळेच.' मी उठून भाताचं पातेलं घासायला घेतलं, उद्या आमच्या भांडीवाल्या बाई येणार होत्या तरी. सुरुची माझ्याशी वागायला चांगली आहे, पण सात वर्षांत तिने माझ्याबद्दल कधी 'त्यांच्यामुळेच' म्हटलेलं मला आठवेना. सगळा वेळ मी तेच आठवत बसले.

मग दिवस जायला लागले. गंधार सकाळी माझा हात धरून यायचा आणि पॅसेजमध्ये आला की सोडून उजवीकडे पळायचा. मागे वळूनही बघायचा नाही. मी डावीकडे वळायचे. माझे एकोणीसचे एकोणीसच. बागेमागच्या सोसायट्यांत मी पुन्हा एकदा जाऊन आले, कुणी दार उघडलं, कुणी कॅमेऱ्यातून बघून उघडलं नाही.

आठ जुलैला शाळा सुटल्यावर नम्रता माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहिली. ती माझ्या खोलीत विचारल्याशिवाय येत नाही, तेवढी रीत तिला आहे.

"ताई, परवा मॅडम येणार. तुमच्याकडे एक कमी आहे ना?"

"मग?"

"गंधारला राहू द्या माझ्याकडे. तो आता रुळला. त्याच्याऐवजी पाच घ्या माझ्यातली, कायमची घ्या. मी त्यांच्या आयांशी बोलून आले. त्या हो म्हणाल्या. तुमचं नाव माहीत आहे त्यांना."

म्हणजे माझ्या पाठीमागे माझ्यासाठी झोळी फिरवून आली होती! तिला असं वाटतच नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र डोक्यात तिडीक गेली.

"मला तुझी पोरं नकोत," मी म्हटलं. "माझ्या घरचं मूल आहे. ते माझ्या पटावर लागेल."

"पण ताई, तो तुमच्या इथे रडते."

घाईत तिचं बोलणं वाशिमला जातं. एरवी मी त्याला हसले असते.

"रडेल आणि थांबेल. सत्तावीस वर्षं मी मुलंच बघतेय, नम्रता. तू तीन वर्षं बघतेस."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. मी पट उघडला. गंधारचं नाव तिकडे शाईने लागल्याची चिठ्ठी तिच्या खोलीतून यायची ती आली नव्हती, पंधरा दिवस झालेच नव्हते ना अजून. माझ्या पटावर त्याचं नाव अजून पेन्सिलने होतं. मी पेन काढलं आणि विसाव्या ओळीवर शाई फिरवली. गंधार सलिल, पुढे आमचं आडनाव. माझीच रीत मी मोडली.

नऊ तारखेला मी त्याला पॅसेजमध्ये सोडलंच नाही. मनगट धरून डावीकडे नेलं आणि दाराला आतून कडी लावली. तो रडला. दाराकडे गेला, मी आणला. पुन्हा गेला, पुन्हा आणला. बाहेरून सोनूचा आवाज आला, "गंधार, ये ना! साइट सुरू झाली!" मग नम्रताचा, "चल बेटा, आज त्याला तिकडं काम आहे." अकराच्या सुमाराला तो पहिल्या ओळीत शेवटच्या जागेवर बसला. हाताची घडी घातली. नाक वाहत होतं ते पुसायलाही हात काढला नाही. बाराला शालूबाई खिचडी घेऊन आली तेव्हा मी तिला दाखवलं.

"बघ. थांबला की नाही?"

शालूबाईने त्याच्याकडे बघितलं. "थांबला खरा," म्हणाली. तिने वाढलेली खिचडी त्याने पुढ्यात तशीच ठेवली.

घरी तो संध्याकाळी लवकर झोपला. सुरुचीने विचारलं, तर मी म्हटलं, दमलाय.

दहा तारखेला तो रडला नाही. स्वतःहून डावीकडे वळला आणि कालच्याच जागेवर जाऊन बसला. साडेनऊला प्रियदर्शनी मॅडम आल्या. पेनाचं टोक एकेका डोक्यावरून फिरवत ओळीने मोजलं. "अठरा, एकोणीस, वीस." मग त्या गंधारपाशी वाकल्या. "तुझं नाव काय रे, बाळा?"

तो त्यांच्या चपलांकडे बघत राहिला.

"गंधार," मी म्हटलं. "माझा नातू."

"काय सांगता! स्वतःचा नातू कॉर्पोरेशनच्या शाळेत?" मॅडमनी लगेच मोबाइल काढला. "बाई, हे सगळ्यांना कळायला हवं. उभ्या राहा बघू त्याच्याशेजारी." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. फोटो काढला. दुपारपर्यंत तो शिक्षकांच्या ग्रुपवर पडला आणि खाली हात जोडलेले आणि टाळ्यांचे पन्नास मेसेज. नम्रतानेही टाळ्या टाकल्या. शाळा सुटताना ती समोर आली आणि "अभिनंदन ताई" म्हणाली. मनापासून म्हणाली, तेच माझ्या डोक्यात गेलं. हिला एकदा तरी राग का येत नाही?

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात खाली गवार निवडत बसले होते. शेजारची जागा मोकळीच होती, गंधार हॉलमध्ये टीव्हीसमोर होता. टीव्ही बंद होता, तरी तिथेच बसला होता. सुरुची आणि सलिल अजून यायचे होते, श्रीधर फिरायला गेले होते. तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"सुनीतीबाई, तुमचा वर्ग मंजूर. आत्ताच सही झाली. आता दोन वर्षं निश्चिंत राहा."

मला काय वाटलं म्हणून सांगू! गवारीची शेंग हातात तशीच राहिली. "थँक्यू मॅडम, थँक्यू," मी म्हणत राहिले. मॅडम फोटोविषयी बोलायला लागल्या, वरच्या साहेबांनाही तो आवडला म्हणे. तेवढ्यात गंधार स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. एक हात पाठीमागे, दुसऱ्या हाताची करंगळी वर. मी फोनवर होते. मी त्याला तळहात दाखवला, थांब.

मग फोन ठेवावा की नाही? पण मला राहवेना. "मॅडम, एक विचारू? नम्रताच्या वर्गात आज किती भरली?"

"थांबा हं, कागद बघते. कुठे ठेवला मी..." तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. कुणाशी तरी त्या बोलल्या, मग परत चाळाचाळ. मी कानाला फोन लावून बसले होते. गंधार दारातच होता. मी बघत होते त्याच्याकडे, पण माझं लक्ष कानात होतं. "हां, सापडला. छत्तीस. पटावर अडतीस, दोन गैरहजर."

"गैरहजर का बरं दोन?" मी विचारलं. "काही तक्रार वगैरे?"

"अहो, ताप असेल पोरांना," मॅडम हसल्या. आणखी दोन-चार वाक्यं बोलून फोन ठेवला. दोन गैरहजर. मी ते दोन मनात घोळवत फोन बाजूला ठेवला आणि वर बघितलं.

गंधारची चड्डी ओली झाली होती. पायांवरून ओघळ फरशीवर आला होता आणि तिथून माझ्या गवारीच्या ताटापर्यंत. एरवी हाच मुलगा "आजी, शू!" म्हणून चड्डी सोडत घरभर पळतो. आणि आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या आजीपुढे, ओठ घट्ट मिटून उभा होता.

"अरे राजा, जायचं ना मग! घर आहे हे आपलं. इथे कुणाला विचारायचं?" मी म्हटलं. मी दोन्ही हात पुढे केले. "ये. आजीकडे ये."

तो आला नाही. मी अजून 'जा' म्हटलं नव्हतं, आणि त्याने करंगळी खाली घेतली नव्हती.